धसक्याला धसका म्हणा

हात बरा आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण भेटणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा तेच विचारतो आणि उत्तर मिळालं की चहा पिऊन निघून जातो. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही अर्ध्यावर संपतात. जखम भरली, टाके निघाले, गार हवेत थोडं ठणकतं. हातासाठी मी चार ओळीही लिहिल्या नसत्या.

लिहितेय ते दुसऱ्या दुखण्याबद्दल. ते दिसत नाही, त्याला पट्टी बांधता येत नाही. आपल्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात ते ज्यांना आहे, त्यातले बरेच जण ते दारूखाली झाकतात, चिडचिडीखाली झाकतात, नाहीतर 'जरा गावाकडं जाऊन येतो' म्हणून कायमचे निघून जातात. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे. मला दया नको आहे, तुम्हालाही देणार नाही. काय झालं आणि कशाने बरं वाटलं, तेवढं सांगते.

माझं नाव क्रांती. आबांनी, म्हणजे वडिलांनी ठेवलं. आबा लातूरकडून भोसरीत आले, कारखान्यात लागले आणि युनियनची पत्रकं लिहायला लागले. आमच्या एका खोलीच्या घरात पाहुण्याला बसायला जागा नसे, पत्रकांच्या गठ्ठ्याला असे. शाळेत जायच्या आधीपासून मी पत्रकाची मधोमध घडी घालायला शिकले होते. पुढे आयटीआयमध्ये शीट मेटलचा ट्रेड घेतला आणि भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये प्रेसवर लागले. तिथे मुली पॅकिंगला असायच्या. मशीनवर मी एकटी. मला त्याचा गर्व होता, आजही आहे.

म्हणून अपघातानंतर मला एकच गोष्ट हवी होती. परत प्रेससमोर उभं राहायचं होतं. दुसरं कुठलंही काम नको होतं. माझ्यात आणि त्या मशीनमध्ये शेवटचा शब्द मशीनचा राहू नये, एवढंच.

नशीब, डावा हात

प्रेसचं काम सोपं करून सांगते. डायमध्ये, म्हणजे कापायच्या साच्यात, पत्रा ठेवायचा, हात बाहेर काढायचे, वरून जड लोखंडी ठोकळा येतो, पत्रा कापून वर जातो. नीट मशीनला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही तळवे दोन्ही बटणांवर दाबून धरले तरच ठोकळा खाली येतो. आयटीआयतले आमचे सर ओरडून विचारायचे, "हात कुठे?" आम्ही ओरडायचो, "बटणावर!" हात बटणावर असला की तो दुसरीकडे कुठे असूच शकत नाही.

आमच्या वर्कशॉपमध्ये ती बटणं काढून पायाने दाबायचं पायडल बसवलं होतं. पायडलवर काम पटापट होतं, आणि हात मोकळे राहतात. पुढचं तुम्हाला कळलं.

वॉर्डात दिवस ड्रेसिंगच्या ट्रॉलीने सुरू व्हायचा. तिचं एक चाक करकरायचं, आणि ती दारात आली की अख्खा वॉर्ड गप्प व्हायचा. मग डॉक्टरांचा राउंड, मग पातळ उपमा, मग भेटायला येणारे. येणारे सगळे एकच वाक्य घेऊन यायचे. "नशीब, डावा हात."

आबांचे एक जुने मित्र आहेत, त्यांना मी काका म्हणते. ते शहाळं घेऊन आले आणि तेच म्हणाले.

"काका, मालकाला निरोप द्या," मी म्हणाले, "उजवा राहिलाय म्हणावं अजून."

काका हसले. आबाही हसले. त्यांना वाटलं पोरगी खंबीर आहे. मलाही तसंच वाटलं.

पण त्या दिवसांत मला एक गोष्ट जमत नव्हती आणि ती मी कुणाला सांगत नव्हते. एका हाताने वेणी घालता येत नाही. केसांचा नुसता गुंता झाला होता. सफाईला येणाऱ्या मावशी एके दिवशी झाडू भिंतीला टेकवून माझ्या मागे बसल्या आणि कंगवा चालवायला लागल्या. "तेल न्हाई लावत व्हय गं? कडबा झालाय नुसता." पुढे रोज त्या माझी वेणी घालायच्या आणि त्यांच्या सुनेच्या चहाड्या सांगायच्या. सुनेचा एकही गुन्हा मला पटला नाही. पण तेवढा वेळ डोळे मिटून बसता यायचं.

फुस्स

शेवटचं ड्रेसिंग करून मी बसने घरी येत होते. बस थांब्यावर थांबली आणि दार उघडलं. फुस्स. बसच्या दारातून हवा सुटते तो साधा आवाज.

प्रेसचा ठोकळा खाली यायच्या आधी अगदी तसाच आवाज होतो.

मला विचार करायला वेळच मिळाला नाही. हात आपोआप छातीशी गेले, कान बंद झाले, आणि कुणीतरी माझ्या आत पायडल दाबल्यासारखं झालं. भानावर आले तेव्हा मी भोसरीच्या पुलाच्या खांबाला टेकून उभी होते आणि बस निघून गेली होती. उतरले कधी, ते आजही आठवत नाही. एक रिक्षावाला विचारत होता, "ताई, पाणी पाहिजे का? ताई?"

त्यानंतर आवाज मला शोधत यायला लागले. दुकानाचं शटर पडलं की. टेम्पोने ब्रेक मारला की. सगळ्यात वाईट म्हणजे घरातला कुकर. शिट्टीच्या आधी तो फुसफुसतो ना, तेव्हा मी उठून गॅलरीत जायचे. आईने दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा कुकर दिसला नाही. तो माळ्यावर गेला होता आणि आई पातेल्यावर ताट झाकून डाळ शिजवत होती. मला एका शब्दाने बोलली नाही. डाळ शिजायला केवढा वेळ लागतो ते मला तेव्हा कळलं.

आबांचं तसं नव्हतं. आबांना कळत नव्हतं, आणि न कळलेल्या गोष्टीचा त्यांना राग येतो. "लढणारी माणसं अशी कोपऱ्यात बसत नसतात," ते म्हणाले. एकदा काका आले असताना खाली कुणाचं तरी शटर धाडकन पडलं आणि माझ्या हातातला कप सुटला. काका म्हणाले, "अरे, क्रांतीच घाबरली राव!"

आबा हसले. ओशाळून हसले, मला दिसत होतं. पण हसले. त्यानंतर मी बरेच दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

मी स्वतःला काय म्हणत होते? भित्री. दुसरा शब्दच नव्हता माझ्याकडे. आणि पत्रकांवर वाढलेल्या मुलीला भित्री म्हणवून घेण्याइतकी वाईट शिवी नसते.

कुठली परीक्षा म्हनायची ही?

हाताच्या डॉक्टरांनीच मला सरकारी दवाखान्यातल्या मनोविकाराच्या ओपीडीत पाठवलं. आई सोबत आली. आबा गेटपर्यंत आले आणि म्हणाले, "मी इथं थांबतो."

डॉक्टरबाई वयाने आईएवढ्या. घाई नव्हती त्यांना, बाहेर एवढी रांग असूनही. मी रात्ररात्र झोप लागत नाही ते सांगितलं, बसचं सांगितलं, कुकरचं सांगितलं. त्यांनी केसपेपरवर चार इंग्रजी अक्षरं लिहिली आणि वाचून दाखवली. पीटीएसडी.

आईने विचारलं, "कुठली परीक्षा म्हनायची ही?"

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी समजावलं. भयंकर काही घडून गेलं की कधी कधी शरीर ते संपलं आहे हे मानायला तयार होत नाही. ते सारखं पहाऱ्यावर राहतं.

"म्हंजी धसका घेतलाय लेकरानं," आई म्हणाली.

डॉक्टरांचं पेन थांबलं. "हो. धसकाच."

"मग असं बोला की. हे मला ठावं हाय." आणि मग माझ्या आईने, जी दुकानदाराशीसुद्धा दोन वाक्यांच्या वर बोलत नाही, त्या डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. ती लहान असताना त्यांच्याकडे मोठा भूकंप झाला होता. "भुई हालली. भिंतीखाली गेले ते गेले. पन काही मान्सं चांगली धडधाकट निघाली भाईर. एक वरखडा न्हाई अंगावर. अन् पुढं धसक्यानं गेली. जेवायचीच न्हाईत. बोलायचीच न्हाईत."

"तेव्हा डॉक्टर नव्हते का आले?" बाईंनी विचारलं.

"आले हुते की. हाडाचे आले हुते."

आमच्या खोलीत आई कायम दाराशी झोपते, आणि आतून कडी लावू देत नाही. मला जन्मभर वाटत होतं, पहाटे नळाला पाणी येतं म्हणून ती दाराशी झोपते.

त्या दिवशी मला आजाराचं नाव मिळालं, आणि ते घरातलंच निघालं. भित्री हा शब्द मी ओपीडीतच टाकून आले. भित्रेपणा हा स्वभाव असतो. धसका बसतो. बसलेली गोष्ट उठवता येते.

आपला देश सोडून किती काळ लोटला?

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एका संस्थेचं मोबाइल अ‍ॅप दिलं. त्यात प्रश्न होते, श्वासाचे व्यायाम होते, आणि आठवड्यातून एकदा समुपदेशकाचा फोन यायचा. हे अ‍ॅप मुळात युद्धातून जीव वाचवून पळालेल्या निर्वासितांसाठी परदेशात तयार झालं होतं. तिथे त्याचा उपयोग झाला, म्हणून संस्थेने ते मराठीत आणलं होतं, कारखान्यांत अपघात झालेल्या किंवा अपघात डोळ्यांनी पाहिलेल्या कामगारांसाठी. हेतू चांगला होता. मराठी मात्र शासकीय परिपत्रकातली होती.

"गेल्या पंधरवड्यात आपणांस औदासीन्य जाणवले काय?" मी 'नाही' दाबलं. मला औदासीन्य नव्हतं, मला पाणीपुरी खावीशी वाटत होती, फक्त खाली रस्त्यावर जायची हिंमत नव्हती. "आपणांस बधिरता जाणवते काय?" मी 'हो' दाबलं. दोन बोटांना. "आपण काही ठिकाणे टाळता काय?" नाही. मी ठिकाणं टाळतच नव्हते, मी घराबाहेरच पडत नव्हते.

शेवटी पडद्यावर कमळ उमललं. "अभिनंदन! आपले मानसिक आरोग्य उत्तम आहे." मी तेव्हा कानात कापूस घालून बसले होते.

त्यात एक प्रश्न काढायचा राहून गेला होता. मी तो आईला हसत हसत वाचून दाखवला. "आपला देश सोडून आपणांस किती काळ लोटला?"

आई भाजी निवडत होती. ती थांबली. "लगीन झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी."

"अगं, देश म्हणतायत ते. परदेशातल्या लोकांसाठी आहे तो प्रश्न."

"देश म्हंजी गावच की माय. दुसरा कंचा देश हाय आपल्याला?" आणि ती बोलत राहिली. भूकंपानंतर गाव दुसरीकडे वसवलं, सरळ रस्त्यांचं, एकसारख्या घरांचं. जुनं गाव अजून तिथेच आहे. दगडांचे ढीग आणि मध्ये एक कडुलिंब. तिच्या माहेरचा उंबरा त्यात कुठे आहे ते तिला डोळे मिटून सांगता येतं. "हे ज्यानं इचारलंय ना, त्याला कळतंय कायतरी," ती म्हणाली. "मला कुनी इचारलंच न्हाई आजवर."

आम्ही निर्वासित नाही. आमच्यामागे बंदुका लागल्या नव्हत्या, ज्यांच्या लागतात त्यांची बरोबरी मी करणार नाही. पण ज्या प्रश्नाला मी चूक म्हणून हसले, तोच एक प्रश्न त्या सगळ्या अ‍ॅपमध्ये आमच्या घराला लागू पडला. बाकीचे बरोबर प्रश्न नुसते सरकून गेले.

उपचार कुणावर?

फोनवरच्या समुपदेशकबाईंचं नाव मृणाल. पुण्याच्या. आवाज शांत, मराठी स्वच्छ. पहिल्याच फोनवर मी त्यांच्याशी भांडले.

आबा म्हणाले होते, "हे कामगाराला थंड करायचं औषध हाय. मशीन तसंच ठेवायचं अन् मानसाला सांगायचं, दीर्घ श्वास घे." मला ते पटत होतं. अजूनही अर्धं पटतं. मी मृणालताईंना तेच सुनावलं. "मशीनला बटणं नाहीत, आणि उपचार माझ्यावर. वा! उद्या छप्पर गळलं तर छत्री मला द्याल आणि म्हणाल छप्पर बरं आहे."

मग त्या म्हणाल्या, "छप्पर गळतंयच. ते तुम्ही लोकांनी भांडून दुरुस्त करायचं आहे, मला ते काम येत नाही. तुम्हाला झोप लागावी, एवढं काम मला येतं. पण क्रांती, जागरणाने थकलेली माणसं किती दिवस भांडतील?"

फोन ठेवल्यावर मी खूप चिडले. आणि पुढच्या आठवड्यात फोन यायची वाट पाहिली.

त्या फोनवर आम्ही अ‍ॅपमधला व्यायाम केला. "डोळे मिटा. हात सैल सोडा. तळवे आभाळाकडे करा." मी हात सैल सोडले आणि मला घाम फुटला. मी म्हणाले, "बंद करा हे."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, सवयीने जमेल. मृणालताईंनी विचारलं, "हात कुठे ठेवले की तुम्हाला बरं वाटतं?"

"बटणावर," माझ्या तोंडून निघून गेलं.

"कसलं बटण?"

मग मी त्यांना दोन बटणांचं सांगितलं. आमच्यासाठी सैल सुटलेला हात म्हणजे धोक्यातला हात. कुठे जाईल सांगता येत नाही. घट्ट दाबलेला हात हाच सुखरूप हात. त्या म्हणाल्या, "मग आत्ता दाबा. मांडीवर, तुमची बटणं जितकी लांब असतात तितक्या अंतरावर. आणि दाबलेलेच ठेवा."

मी दाबले. दोन बोटं अर्धी असली म्हणून जोर कमी पडतो असं काही नाही, जोर तळव्याचा असतो. श्वास आपोआप खाली उतरला. मी रडले. पण हे रडणं वेगळं होतं, गुडघे दुखेपर्यंत चालून घरी आल्यावर बसतो तसं.

उभ्यानं वाचायचा कागद

पुढे एकदा मी त्यांना म्हणाले, "ताई, तुमचं अ‍ॅप सोफ्यावर बसून वाचणाऱ्यासाठी आहे."

"मग उभ्यानं वाचणाऱ्यासाठी तुम्ही लिहाल?"

त्यांना माहीत नव्हतं की हे वाक्य आमच्या घरचं आहे. आबांचा नियमच तो. शिफ्ट सुटली आहे, माणूस गेटवर उभा आहे, हातात डबा आहे, बस सुटायच्या बेतात आहे. तेवढ्यात कळलं तर ते पत्रक, नाहीतर रद्दी.

मी लिहायला बसले. संस्थेने परवानगी दिली, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी प्रत्येक शब्द तपासायचा असं ठरलं. 'आपणांस औदासीन्य जाणवले काय' गेलं. पहिला प्रश्न आला: 'धसका बसलाय का? कशाचा?' दुसरा आला: 'कुठला आवाज सोसत नाही?' तिसरा: 'घरातलं माणूस तुमच्यासाठी गुपचूप काय करायला लागलंय?' हा तिसरा मला कुकरने शिकवला.

माझंही सगळं बरोबर होतं असं नाही. मी पत्रकांच्या सवयीने प्रत्येक ओळीला उद्गारचिन्ह दिलं होतं. घाबरू नका! एकटे राहू नका! बोला! मृणालताईंनी एकूण एक चिन्ह काढून टाकलं. "ज्याला आवाज सोसत नाही, त्याच्यावर ओरडू नका, क्रांती." मी तासभर फुगून बसले. त्यांचं बरोबर होतं.

बालाजीभाऊ नावाचे नांदेडकडचे एक कामगार आमच्या गल्लीत राहतात. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा जोडीदार क्रेनवरून सुटलेल्या मालाखाली गेला होता. मी त्यांना एकेक भाग वाचून दाखवायचे. 'तुमची सुरक्षित जागा डोळ्यांसमोर आणा' असं एक वाक्य आलं. भाऊंनी डोळे मिटले.

"आणली."

"कुठली?"

"असेंब्ली पॉइंट. आग लागल्यावर समद्यांनी जमायची जागा. हिरवी पाटी हाय बघ गेटाजवळ."

मी हसून लोळले. भाऊही हसले, मला वाटतं बऱ्याच दिवसांनी. मग कसं लिहू ते त्यांनाच विचारलं, तर म्हणाले, "सुरक्षित-फिरक्षित ऱ्हाऊ दे. जिथं कुनी हाक मारून काम सांगत न्हाई अशी जागा, असं इचार." तसंच लिहिलं. त्यांची जागा निघाली गावाकडच्या पारावरची, दुपारची.

व्यायाम सांगायला आवाज हवा होता. संस्थेकडे एका निवेदिकेचा गोड आवाज तयार होता. मी म्हटलं, आईचा घेऊन बघा. आईने आधी तीन दिवस नकार दिला, मग पदर सारखा करून मोबाइलसमोर बसली, जणू फोटोच काढायचाय. "बस लेकरा. दोन्ही हात मांडीवर दाबून धर. बटनावर धरतूस तसं. सोडू नगंस. मी हाय हितं." एवढंच. एकदाच बोलली, दुसऱ्यांदा घ्यायची गरज पडली नाही.

आबांनी ते ऐकलं. फोन कानाला लावून, दाराकडे तोंड करून. मग माझ्याजवळ आले, कागद ओढून घेतला, चष्मा लावला. "ह्या तिसऱ्या ओळीला बस सुटतीय," ते म्हणाले. ओळ कापली. अजून दोन कापल्या. "अन् ह्यात मालकाला एक तरी शिवी पायजे."

"आबा, हे आजारपणाचं आहे."

"आजार आला कुठून?"

मृणालताईंनी शिवी घेतली नाही. पण बरीच घासाघीस होऊन शेवटी एक पान जास्तीचं आलं: मशीनला बटणं नसतील, हात आत जाऊ न देणारं गार्ड काढलं असेल, तर कुणाकडे आणि कशी तक्रार करायची. श्वासाच्या व्यायामाच्या लगेच पुढचं पान. आबा त्या दिवशी मला म्हणाले, "तवा हसाया नको होतं मी." मी म्हटलं, "हो, नको होतं." झालं. आमच्या घरात याहून मोठी माफी कुणी मागत नाही.

आज ते अ‍ॅप या पट्ट्यातले किती कामगार वापरतात ते मला माहीत नाही, मी विचारलेलंही नाही. पण आयुष्यात लिहिलेलं ते माझं सगळ्यात चांगलं पत्रक आहे. त्यात एकही उद्गारचिन्ह नाही.

चाकण

मग चाकणच्या एका कंपनीत प्रेस ऑपरेटरची जागा निघाली. मशीनवर ट्रायल द्यायची होती. आई म्हणाली, "पॅकिंगला लाग की." डॉक्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या, "जाऊन बघा. नाही जमलं तर परत या, पुन्हा जा."

बसचं दार फुस्स करून उघडलं. मी दांडी दोन्ही हातांनी दाबून धरली आणि आत गेले. चाकणच्या चौकातून शेअर रिक्षा.

सुपरवायझर शिंदे मला लाइनवर घेऊन गेले. मशीन नवं होतं, दोन बटणं होती, लांब लांब. मी समोर उभी राहिले. तेवढ्यात शेजारच्या प्रेसने हवा सोडली आणि माझे पाय मला न विचारता मागे आले. शिंदे बघत होते, सेटर बघत होता. सेटर म्हणजे मशीनला डाय बसवणारा माणूस, पस्तिशीचा, मिशाळ.

पित्त झालंय म्हणता आलं असतं. चक्कर म्हणता आलं असतं. बाईला चक्कर आली की कुणी काही विचारत नाही.

"मला धसका बसलेला आहे," मी मोठ्याने म्हणाले, कारण तिथे मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकूच येत नाही. "मागच्या ठिकाणी बोटं गेली. मी काम सोडून चाललेले नाही. थोडा वेळ लागेल."

शिंद्यांनी घड्याळ पाहिलं. "चहा येतोयच. चहा घ्या, मग बघू."

सेटर माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. "ताई, मलाबी बसलाय. त्या क्रेनखालनं जात नाय मी. अख्ख्या शॉपला वळसा घालून येतो. सायबाला वाटतं तंबाखू खायाला जातो."

"म्हणजे तंबाखू खायला जात नाहीस?" शिंदे म्हणाले.

"ती पण खातो की."

चहा फार गोड होता. मी सगळा प्यायले. मग परत गेले, पत्रा ठेवला, हात बाहेर काढले, दोन्ही तळवे दोन्ही बटणांवर ठेवले. थांबले. शिंद्यांनी घाई केली नाही. मी दाबलं.

ठोकळा खाली आला आणि वर गेला. हात बटणावर होते. दोन्ही.

दुसरा पत्रा ठेवला. तिसरा. कानात अजून धडधडत होतं, हात दाबत होते, आणि हळूहळू मी आवाज ऐकायचं सोडून पार्ट बघायला लागले. एक पार्ट उचलला आणि कडेवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला खरखर लागली. पत्रा स्वच्छ न कापता कडेला बारीक धारदार कोर राहिली की अशी लागते. तिला आम्ही बर म्हणतो.

"बर येतोय," मी म्हणाले.

"कुठंय?" सेटर म्हणाला. "सकाळपासनं हाच माल चाललाय."

"मग सकाळपासनं बर येतोय. डायची धार गेलीय. काढा."

शिंद्यांनी माझ्या हातातून पार्ट घेतला, उजेडात धरला, स्वतःचा अंगठा फिरवला. मग सेटरकडे वळले. "लाइन थांबव. काढ डाय."

"पहिल्याच दिवशी, ताई?" सेटर कळवळून म्हणाला.

"पहिल्याच दिवशी," मी म्हणाले, आणि पाना त्याच्या हातात दिला.